पीटर रॅबिटच्या पैशातून घेतलेली जमीन : बिआट्रिक्स पॉटरबद्दल बोलूया

मोगरकळी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. आम्ही मँचेस्टरला राहतो, गेल्या महिन्यात लेकीला (वय साडेचार) घेऊन लेक डिस्ट्रिक्टला गेलो होतो, तिथे निअर सॉरी नावाचं एवढंसं गाव आहे, त्या गावातलं बिआट्रिक्स पॉटरचं (पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीची लेखिका-चित्रकार) हिल टॉप हे घर बघितलं आणि तेव्हापासून ही बाई काही डोक्यातून जात नाहीये.

घर म्हणजे जुनं दगडी शेतघर, खोल्या बुटक्या, आत उजेड कमी. लेकीच्या हातात तिचं सॅम्युएल व्हिस्कर्सचं पुस्तक होतं, तेच ते, ज्यात उंदीर मांजराच्या पिल्लाला कणकेत लाटतात. जिन्यापाशी आली आणि एकदम थांबली, पान उघडलं, चित्राकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, परत चित्राकडे, आणि म्हणाली "आई, ती इथेच बसून काढत होती?" मला गलबलून आलं. बाहेर बागेत रूबार्बची मोठमोठी पानं, तिच्या दुसऱ्या पुस्तकातली जेमिमा बदक जिथे अंडी लपवते तीच जागा. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं घर, बाग, समोरचं पबसुद्धा तसंच्या तसं उभं आहे. आणि ते आपोआप राहिलेलं नाही, या बाईने ते ठरवून, पैसे मोजून, कागद करून ठेवलंय. मला त्याबद्दलच बोलायचंय.

थोडक्यात सांगते. जन्म २८ जुलै १८६६, लंडन, साउथ केन्सिंग्टनच्या बाजूला बोल्टन गार्डन्स. घर गडगंज, दोन्हीकडच्या आजोबांचा पैसा लँकाशायरच्या सुती धंद्यातला. वडील रुपर्ट पॉटर शिकून बॅरिस्टर पण वकिली फारशी केलीच नाही, त्यांना फोटोग्राफीचा नाद. मुलगी शाळेत कधी गेलीच नाही, वरच्या मजल्यावर नर्सरी, शिकवायला घरी गव्हर्नेस, सहा वर्षांनी झालेला भाऊ बर्ट्रम, आणि बाकी सगळे मित्र म्हणजे ससे, उंदीर, बेडूक, पाली, वटवाघळं, एक साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग. एखादा प्राणी मेला की ही दोघं भावंडं तो उकळून त्याचा सांगाडा वेगळा करायची आणि त्याची चित्रं काढायची. ऐकायला कसंतरी वाटेल पण तिचा ससा निळा कोट घालूनही खराखुरा ससा का वाटतो त्याचं उत्तर इथे आहे, कोटाच्या आत हाडं बरोबर जागच्या जागी आहेत.

उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड स्कॉटलंडला डलगाइझला जायचं, ते घर मिळेनासं झालं तेव्हा १८८२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टला रे कॅसलमध्ये राहिले. तिथे हार्डविक रॉन्सली नावाचे पाद्री भेटले, हेच पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट (जमिनी आणि जुन्या वास्तू राखणारी संस्था) स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक. सोळा वर्षांच्या मुलीच्या कानावर तेव्हाच पडलं की हे डोंगर-तलाव कुणीतरी राखायला हवेत, नाहीतर बंगले आणि रेल्वे येऊन सगळं जाईल.

पुस्तकाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. ४ सप्टेंबर १८९३, जुन्या गव्हर्नेसचा, ॲनी मूरचा, पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता, त्याला पत्रात काय लिहावं सुचेना म्हणून हिने चार सशांची गोष्ट चित्रांसकट लिहून पाठवली. सात वर्षांनी ॲनीच म्हणाली अगं हे छापून बघ. मग मुलांकडून पत्रं परत मागून घेतली (मुलांनी जपून ठेवली होती, केवढं नशीब!), सहा प्रकाशकांनी नको म्हटलं. त्यांना पुस्तक मोठं आणि महाग हवं होतं, हिला इवलंसं, लहान हातात मावेल असं आणि एका शिलिंगात मिळेल असं. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती काढल्या, त्या हातोहात गेल्या, आणि मग फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ऑक्टोबर १९०२ मध्ये रंगीत छापलं. पहिल्या ८००० प्रती बाजारात यायच्या आधीच संपल्या.

बाकीचं प्रतिसादात लिहिते, लेक उठली.

आजीचीपेटी

मोगरकळी, किती छान लिहिलंस ग. मी नातवाला पीटर रॅबिट मराठीत सांगते, पुस्तक इंग्रजीच, चित्र दाखवत दाखवत आपल्या भाषेत. तिच्या इंग्रजीत ससा चालतो तेव्हा लिपिटी-लिपिटी असा आवाज आहे, मी टुणुक टुणुक करते, पण मॅकग्रेगरच्या बागेत चोरून शिरलेला पीटर दमून भिऊन हळूहळू चालतो तेव्हा टुणुक बसत नाही, तिथे मी दुडूदुडू म्हणते. शेवटी त्याचं पोट बिघडतं आणि आई कॅमोमाइलचा चहा देते ना, तिथे आमच्याकडे ओव्याचं पाणी. नातू तोंड वाकडं करतो, म्हणजे बरोबर पोचलं.

आणि एक, फ्लॉप्सी बनीजच्या पुस्तकात पहिल्याच ओळीत सोपोरिफिक असा भला थोरला शब्द घातलाय, लेट्यूस खाऊन सशांना झोप येते म्हणून. लहान मुलांच्या पुस्तकात एखादा अवघड, सुंदर शब्द हवाच असं तिचं मत होतं. मला हे फार पटतं. मी "गुंगी आणणारा पाला" म्हणते आणि आता नातू वरणभात खाऊन म्हणतो आजी मला गुंगी आली.

रानजाई

धागा आवडला. पण एक विचारू का, पीटरच्या बाबांना मॅकग्रेगर बाईने पायमध्ये घातलं हे चार वर्षांच्या मुलांना वाचून दाखवता तुम्ही? मी ते पान उलटते पटकन.

आजीचीपेटी

@रानजाई, उलटू नकोस ग. मुलं घाबरत नाहीत, मुलांना कळतं की आई का सांगतेय तिकडे जाऊ नको. ते वाक्य काढलंस तर पीटर नुसता खोडकर राहतो, ते वाक्य असलं की तो जिवावर उदार होऊन गेलेला असतो, मग पुढे झारीत लपताना खरी धडधड होते. आपल्या चल रे भोपळ्यात तरी काय आहे, वाघ म्हातारीला खायलाच निघालेला असतो की.

ओलीमाती

मी बॉटनीवाली, त्यामुळे माझी पॉटर वेगळी आहे, बुरशीवाली पॉटर. एमएस्सीला असताना आमच्या सरांनी तिच्या अळंब्यांच्या चित्रांचे प्रिंट दाखवले होते आणि सांगितलंच नव्हतं कुणाचे आहेत. आम्ही सगळे म्हणालो कुणीतरी मोठा मायकॉलॉजिस्ट (बुरशीचा अभ्यासक) असणार, छत्रीच्या खालच्या पट्ट्या देठाला कुठे चिकटतात ते इतकं अचूक होतं. मग सर म्हणाले ही सशांच्या गोष्टींवाली बाई.

स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा पोस्टमन होता, रोज मैलोन्मैल पायी टपाल वाटता वाटता रानातली झाडं-बुरशी ओळखायला शिकलेला माणूस. १८९२ मध्ये हिची त्याच्याशी नीट ओळख झाली आणि दोघांचा व्यवहार सुरू झाला, तो टपालाने ताजे नमुने पाठवायचा, ही चित्रं काढून पाठवायची. तिने बुरशीची साडेतीनशेच्या आसपास चित्रं काढली, त्यातली बरीच आज अँबलसाइडच्या आर्मिट म्युझियममध्ये आहेत. नुसती चित्रं नाही, काचेच्या पट्टीवर बीजाणू रुजवून मायक्रोस्कोपखाली ६०० पट मोठे करून ते कसे फुटतात ते बघत बसायची, स्वयंपाकघरातसुद्धा प्रयोग. त्या काळी छत्रीवाल्या बुरशीचे बीजाणू प्रयोगात रुजवणं भल्याभल्यांना जड जात होतं.

तिचे काका सर हेन्री रॉस्को मोठे केमिस्ट, त्यांनी तिला लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानात नेलं, तिथल्या डायरेक्टरने, थिसलटन-डायरने, फार काही धूप घातली नाही. पण तिथलेच जॉर्ज मॅसी यांनी तिचा बीजाणू रुजण्यावरचा पेपर १ एप्रिल १८९७ ला लिनियन सोसायटीत (निसर्गशास्त्रज्ञांची संस्था) मांडला. तिला स्वतःला जाता आलं नाही कारण बायकांना सभेत प्रवेशच नव्हता. पेपरवर अजून काम हवं असं मत पडलं, तिने तो मागे घेतला आणि पुढे तो हरवलाच. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, सोसायटीने तिच्याशी झालेल्या वागणुकीबद्दल खेद व्यक्त केला.

इंटरनेटवर मात्र याची फार फुगवून गोष्ट करतात, जणू एका भाषणाने जगाचं विज्ञान बदललं असतं आणि पुरुषांनी ते चिरडलं. तसं नाहीये. काम अर्धं झालं होतं, ते पुढे न्यायला लॅब हवी होती, चर्चा करायला माणसं हवी होती, आणि तीच तिला मिळाली नाहीत. १९६७ मध्ये, म्हणजे ती जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर, फिंडले यांच्या बुरशीच्या हँडबुकात तिची ५९ चित्रं छापली. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, सत्तर वर्षांनीसुद्धा ओळख पटवायला वापरता येतील अशी ती चित्रं होती.

सरळकाठी

वाचतोय. पण एक सांगतो, राग मानू नका. घरात गिरणीचा पैसा, नोकरचाकर, पोटाची चिंता नाही, मग सशांची चित्रं काढायला काय जातंय. नोएलच्या आईकडे बघा, ॲनी मूर, गव्हर्नेसची नोकरी करून लग्न केलं, घर भरून पोरं, छापून बघ हे सुचवलं तिने आणि नाव झालं मालकिणीचं. इस्टेट घ्यायला आधी इस्टेट लागते.

मोगरकळी

@सरळकाठी, राग कशाला, मुद्दा बरोबर आहे, पैशाचं बळ होतंच आणि ॲनी मूरचं नाव घेतलंत ते फार बरं केलंत, तिच्या मुलांना गेलेल्या पत्रांमधूनच एकामागून एक पुस्तकं निघाली. नोएलला पत्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या भावाला, एरिकला, बेडकाची गोष्ट गेली, तोच पुढे जेरेमी फिशर.

पण पैसा वडलांचा होता हो, तिचा नाही. लग्न न झालेली मुलगी म्हणजे आईबापाच्या घरची व्यवस्था बघायची, त्यांच्याबरोबर सुट्टीला जायचं, त्यांना विचारून बाहेर पडायचं. वॉर्न कंपनीत तीन भाऊ, त्यातला धाकटा नॉर्मन हिची पुस्तकं बघायचा, रोज पत्रापत्री, पान कुठे उलटायचं, रंग कसा उतरलाय, सगळं दोघं मिळून ठरवायचे. टू बॅड माइस या पुस्तकातलं बाहुलीघर आहे ना, ते नॉर्मनने पुतणीसाठी स्वतः बनवलेल्या घरावरून काढलंय. २५ जुलै १९०५ ला त्याने पत्रातून मागणी घातली. ही ३८ वर्षांची, ३९ पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी. आईवडील म्हणाले प्रकाशक म्हणजे धंदेवाला, आपल्या तोलामोलाचा नाही. ज्यांचं स्वतःचं घर कापसाच्या धंद्यावर उभं त्यांनी हे म्हणावं! तरी हिने होकार कळवला, अंगठी घातली. आणि २५ ऑगस्टला नॉर्मन गेला, ल्युकेमिया, वय ३७. बरोबर एक महिना. जाहीर काहीच झालेलं नव्हतं त्यामुळे चारचौघांत रडायलासुद्धा जागा नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी तिने हिल टॉप विकत घेतलं. पुस्तकांच्या रॉयल्टीतून आणि नात्यातल्या एका बाईंकडून आलेल्या थोड्या वारशातून. म्हणून मी धाग्याला हे नाव दिलं. ती ३९ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कमाईच्या जमिनीवर उभी राहिली. पुढच्या सात-आठ वर्षांत तिची सगळ्यात चांगली पुस्तकं झाली, टॉम किटन, जेमिमा, सॅम्युएल व्हिस्कर्स, आणि तिन्हीत हेच घर, हेच अंगण, जेमिमाला वाचवणारा केप कुत्रासुद्धा तिच्याच शेतावरचा.

निळीशाई

धंद्याच्या बाजूने बघितलं तर बाई फार पुढची होती. २८ डिसेंबर १९०३ ला तिने पीटर रॅबिटच्या बाहुलीचं पेटंट घेतलं, बाहुली स्वतः शिवून नमुना तयार केला होता. मग पटावरचा खेळ, भिंतीचा कागद, कपबश्या, आणि प्रत्येक गोष्ट स्वतः तपासायची, चेहरा बिघडलेला चालायचा नाही. आज कॅरॅक्टर लायसन्सिंग म्हणतात ते हेच. उलट अमेरिकेत वॉर्नने पीटरचा कॉपीराइट नोंदवलाच नाही, तिथे लगेच चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि त्यातला एक पैसा तिला मिळाला नाही. कदाचित म्हणूनच पुढे इतकी बारीक लक्ष ठेवून असायची.

कापूसगाठ

तिच्या डायरीबद्दल कुणीच बोललं नाही अजून! चौदा-पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत ती एका गुप्त लिपीत डायरी लिहायची, स्वतःच बनवलेली अक्षरं, इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत. ती गेल्यावर कागद सापडले, कुणाला काही लागेना. लेस्ली लिंडर नावाच्या इंजिनिअर माणसाने वर्षानुवर्षं डोकं लावलं आणि १९५८ च्या ईस्टर मंडेला, आता हा शेवटचा प्रयत्न म्हणून बसला, तेव्हा एका पानावर XVI हे रोमन आकडे आणि १७९३ हे साल दिसलं. १७९३ मध्ये सोळाव्या लुईला मारलं, म्हणजे ओळीतला तो शब्द "एक्झिक्यूटेड" असणार. तेवढ्या एका शब्दाने कुलूप उघडलं. तरी सगळं उलगडून छापायला १९६६ साल उजाडलं, तिच्या जन्माला शंभर वर्षं झाली ते वर्ष.

आत काय तर मोठं गुपित असं काहीच नाही, बघितलेली चित्रप्रदर्शनं, घरातली बोलणी, राजकारण, ससे. मला उलट त्यानेच वाईट वाटलं, आपलं साधं मत लिहायलासुद्धा तिला लिपी करावी लागली.

डोंगरवाट

मला पुस्तकांतलं काही कळत नाही, पण मेंढरं कळतात, आमचे आजोबा सांगोल्याकडचे, पन्नास-साठ मेंढरांचं खांड होतं. मागे युट्युबवर या हर्डविक मेंढ्यांचा व्हिडिओ बघताना या बाईचं नाव ऐकलं, मिसेस हीलिस म्हणून. तीच ही हे आज कळलं.

ती मेंढी म्हणजे नाजूक काम नाही. कोकरू जन्मतं काळंकुट्ट, मग वर्षागणिक राखाडी होत जातं. लोकर राठ, आपल्या दख्खनी मेंढीसारखी, मऊ स्वेटर नाही व्हायचा पण पाऊसवारा अडवते. आणि खरी गंमत म्हणजे तिकडे डोंगराला कुंपण नसतं. आई कोकराला आपल्या चरायच्या टापूत फिरवते, ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला तोच टापू दाखवतं, असं पिढ्यानपिढ्या. त्यामुळे शेत विकलं तरी कळप शेताबरोबरच राहतो, दुसरीकडून आणलेली मेंढी त्या डोंगरावर थांबणारच नाही. एकदा कळप मोडला की तो डोंगर त्या शेताला गेला. हे ज्याला कळतं तो माणूस नुसता हौशी शेतकरी नाही.

मोगरकळी

@डोंगरवाट, तुम्ही माझं काम केलंत, मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं!! हेच तर तिने मृत्युपत्रात घातलं, की तिच्या डोंगरावरच्या शेतांत हर्डविकचे कळपच राहिले पाहिजेत.

पुढचं सांगून टाकते. जमिनी घेताना हॉक्सहेडच्या ज्या वकिलाचा सल्ला घ्यायची तो विल्यम हीलिस, १९०९ मध्ये त्याच्या मदतीने कॅसल फार्म घेतलं, आणि १५ ऑक्टोबर १९१३ ला त्याच्याशी लग्न केलं, ४७ व्या वर्षी. आईवडलांची परत तीच कुरकुर, खेड्यातला वकील म्हणून. यावेळी थांबली नाही. लग्नानंतर राहायची कॅसल कॉटेजमध्ये आणि हिल टॉप तसंच ठेवलं, स्वतःच्या कामाला, स्वतःच्या वस्तूंना.

मग पुस्तकं कमी होत गेली. डोळे दमले होते आणि मन शेतात होतं. लोक म्हणतात लेखिका संपली, मला अजिबात तसं वाटत नाही. १९२३ मध्ये ट्रौटबेक पार्क घेतलं, दोन हजार एकरांच्या आसपास, मेंढ्यांना लिव्हर फ्लूक (यकृतातला किडा) लागून कळपाची वाताहत झालेली. तिथे नवीन औषधं वापरली, टॉम स्टोरी नावाचा कसलेला मेंढपाळ ठेवला, त्याच्या सल्ल्याने हर्डविकच्या माद्या प्रदर्शनांत उतरवल्या आणि बक्षिसं आणली. स्वतः लाकडी तळाचे बूट, हर्डविकच्या लोकरीचा जाडाभरडा स्कर्ट, पावसात पाठीवर गोणपाट. असं सांगतात की एकदा रस्त्यात एक भटका माणूस तिला आपल्यातलीच समजून म्हणाला, तुझ्यामाझ्यासारख्यांना ही हवा वाईटच बाई. ही गोष्ट ती स्वतः आनंदाने सांगायची म्हणे.

१९३० मध्ये मंक कॉनिस्टनची मोठी इस्टेट विकायला निघाली, तुकडे पडून बंगले होणार होते. नॅशनल ट्रस्टकडे तेवढे पैसे नव्हते, तर हिने अख्खी घेतली आणि अर्धी ट्रस्टला आपल्या खरेदीच्याच भावाने दिली, वर काही वर्षं तिची व्यवस्थाही बघितली, कुणाचं छप्पर गळतंय, कुठली भिंत पडलीय, सगळं. त्याआधी विंडरमिअरच्या काठाची एक जागा वाचवायला अमेरिकेतल्या वाचकांना स्वतःच्या हाताने काढलेली ५० चित्रं विकली होती. म्हणजे गरज पडली की पीटरला परत कामाला लावायची, पण डोंगरासाठी.

रानजाई

हे सगळं मला काहीच माहीत नव्हतं, मला वाटायचं गोड गोड चित्रं काढणारी कुणी आजी असेल. @मोगरकळी, लेकाला पहिलं पुस्तक कुठलं घेऊ, पीटरच की दुसरं? (आणि हो, ते पान आता उलटणार नाही.)

आजीचीपेटी

पीटर आधी, मग बेंजामिन बनी, कारण पीटरचा कोट परत आणायला दोघं जातात. आणि पाच-सहा वर्षांचा झाला की टेलर ऑफ ग्लॉस्टर, ते तिचं स्वतःचं आवडतं होतं. आजारी शिंप्याचा कोट उंदीर रात्रीत शिवून ठेवतात आणि एक काज तेवढं राहतं कारण रेशमाचा धागाच संपलेला असतो. त्यातले भरतकामाचे कोट तिने म्युझियममधले खरे कपडे बघून काढलेत, टाके मोजता येतील असे. सगळी पुस्तकं एकत्र मिळतात तसलं जाडं पुस्तक मात्र नको घेऊस, सुटी छोटी घे. लेकाला स्वतःच्या हातात धरता आलं पाहिजे.

सरळकाठी

मघाशी जरा घाईत लिहिलं. मंक कॉनिस्टनचं वाचून थांबलो. आमच्या गावाकडे नदीकाठची जमीन गुंठ्या-गुंठ्याने गेली, आता बांधही ओळखू येत नाही. इस्टेट असलेले पुष्कळ असतात, ती घेऊन पुन्हा देणारं माणूस विरळा. मोगरकळी, शेवटी किती जमीन दिली तिने?

मोगरकळी

चार हजार एकरांहून जास्त, शेतं चौदा, घरं, गुरं, मेंढ्यांचे कळप, सगळं ट्रस्टला. आधी नवरा असेपर्यंत त्याच्याकडे आणि मग ट्रस्टकडे अशी सोय होती. ती गेली २२ डिसेंबर १९४३ ला, युद्ध चालू असताना, कॅसल कॉटेजमध्येच, वय ७७. त्याच वर्षी हर्डविक मेंढीपालक संघाने पुढच्या अध्यक्ष म्हणून तिची निवड केली होती, पहिली बाई, पण पद घ्यायला ती राहिली नाही. हिल टॉप १९४६ पासून लोकांना बघायला उघडलं.

तिने दफन नको सांगितलं होतं. रक्षा टॉम स्टोरीने सॉरीच्या वरच्या डोंगरावर विखुरली, आणि जागा कुणाला सांगायची नाही असं तिचं बजावणं होतं. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस होता, वरच्या उतारावर तीन-चार राखाडी मेंढ्या चरत होत्या, लेकीने त्यांना हात केला आणि विचारलं यांना कोट का नाही घातले.